गाणी वजा केल्यावर

हेमांगी भाटकरने आयुष्यात चोरी अशी एकच केली. वय वर्षं अकरा, जागा स्वतःचंच घर, माल म्हणजे आईच्या कपाटातली एक कॅसेट. लोक बँका लुटून पाच-सात वर्षांत सुटतात हो. हिची बावन्न वर्षं झाली तरी सुटका नव्हती.

ती कॅसेट कसली होती ते आधी सांगायला हवं, कारण आज २०४३ साली ज्यांची वयं चाळिशीच्या आत आहेत त्यांना ते खरंसुद्धा वाटायचं नाही. गुहागरला तेव्हा घराआड एक माणूस आखातात असायचा. हेमांगीचे वडील यशवंत भाटकर मस्कतच्या बंदरात, गाळ काढणाऱ्या बोटीवर होते. फोन करायचा तर पोस्टात जाऊन, सगळ्यांदेखत, ओरडून. पत्र लिहायचा यशवंतरावांना कंटाळा. म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. तिकडे खोलीवर टेपरेकॉर्डरसमोर बसून तासभर बोलायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती द्यायचे. इकडे सगळ्यांनी ती ऐकायची, मग तिच्यावरच उत्तर भरायचं आणि परत जाणाऱ्याच्या हाती द्यायची. एकच कॅसेट वर्षानुवर्षं समुद्रापार ये-जा करायची. घराचा एक कायदाही होता. ए बाजू सगळ्यांची, बी बाजू आईची. ए बाजू संपली की आई म्हणायची, "चला, पळा खेळायला," आणि दार लोटून घ्यायची.

१९९१च्या मार्चमध्ये अशीच एक कॅसेट आली. मुलं शाळेत होती तेव्हा कुणीतरी देऊन गेलं. संध्याकाळी आई म्हणाली, "बिघडलीय ती. रीळ अडकलंय. चिपळूणला दुरुस्तीला देऊ," आणि तिने ती कपाटात साड्यांखाली टाकली.

त्याच आठवड्यात शेजारच्या मुकादमांकडे मुंबईचे पाहुणे आले आणि त्यांनी 'पिवळा सिग्नल'ची तबकडी आणली. आता 'पिवळा सिग्नल' म्हणजे काय हे ज्याने नव्वदचं दशक पाहिलंय त्याला सांगायला नको. लीना कारखानीसचा तो अल्बम! मराठीत पहिल्यांदाच ढोलकी नाही, पेटी नाही. सिंथेसायझर आणि मशीनचा ठेका, आणि त्यावर ती घोगऱ्या आवाजाची मुलगी. आठ गाणी. आणि तबकडी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला परत जाणार. हेमांगीकडे कोरी कॅसेट नव्हती. तिने कपाट उघडलं. बिघडलेलीच तर आहे, आणि पप्पा काय, दुसरी पाठवतील, असं मनाशी म्हणाली. घरचा टू-इन-वन कडेवर घेऊन ती मुकादमांकडे गेली, खिडक्या लावल्या, सगळ्यांना दम देऊन गप्प बसवलं आणि दोन्ही बाजूंवर गाणी भरून घेतली. कॅसेट गुपचूप साड्यांखाली परत ठेवली. रीळ कुठेच अडकलं नाही, याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही.

दुसरी कॅसेट आलीच नाही. मे महिन्यात आईने दोन्ही मुलांना जवळ घेतलं आणि सांगितलं की पप्पांची बोट बुडाली, पप्पा सापडले नाहीत. आठ वर्षांचा हर्षद रडून रडून एकच घोकत होता, पप्पांची कॅसेट लाव. शेवटी त्यानेच कपाट उघडून ती टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. लीना कारखानीस गायला लागली, "थांबू की जाऊ, तूच सांग ना…"

आईने हेमांगीकडे पाहिलं. "पुसलीस?" एवढंच म्हणाली. मारलं नाही, शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं हेमांगीला पुढे कितीदा तरी वाटलं. कॅसेट धडधाकट होती, आत पप्पा बोलत होते आणि आपण त्यांच्यावर गाणी भरली, हे त्या दिवशी तिच्या मनात जे बसलं ते बसलंच.

जूनमध्ये आई मुलांना घेऊन कोल्हापूरला तिच्या भावाकडे आली ती कायमची. तिथे आखातातलं कुणी ओळखीचं नव्हतं. वडिलांची तिथी माहीत नाही म्हणून श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला. मोठा झाल्यावर हर्षदच सगळं करायला लागला. तो वाईट माणूस नाही. एसटीत वर्कशॉपला होता, बहिणीला भाऊबीज कधी चुकवली नाही, मुलाचं नावही यश ठेवलं. पण दरवर्षी गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं की तो विचारायचा, "ताई, पप्पांचा आवाज कसा होता गं?" ती सांगायची, जाडसर होता, हसताना मध्येच खोकायचे. मग तो म्हणायचा, "तुला तेवढं तरी आठवतं. मला आपली लीना कारखानीस आठवते." हसत म्हणायचा. त्या हसण्यावर ती पानावरून उठायची.

आई मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायची नाही. तिला सहन होत नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

हेमांगी पुढे कान तपासणारी झाली. राजारामपुरीत एका डॉक्टरांच्या सेंटरवर पस्तीस वर्षं लोकांच्या कानाला हेडफोन लावून "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणत बसली. लग्न केलं नाही. आणि 'पिवळा सिग्नल' मात्र जमवत गेली. आधी कंपनीची कॅसेट घेतली, मग जुन्या बाजारातून तबकडी, मग सीडी. मग एमपीथ्री आली, मग मोबाइलवरची, मग ती चकचकीत नवी आवृत्ती जिच्यात आवाज चहूबाजूंनी येतो. सेंटरवरच्या पोरी चिडवायच्या, "भाटकर मॅडम म्हणजे लीनाच्या आद्य भक्त!" तीही हसून सोडून द्यायची.

खरं कुणालाच माहीत नव्हतं. तिला तो अल्बम इतका पाठ करायचा होता की आपल्या कॅसेटवर वाजताना मनातल्या मनात तो वजा करता यावा. गाणी वजा केली की खाली जे उरेल ते पप्पा. वेडेपणा म्हणा हवं तर; पण चौदाव्या वर्षी हे तिच्या डोक्यात आलं आणि मग गेलंच नाही.

म्हणून ती एकच गाणं पाच-पाच तऱ्हांनी ऐकायची. तबकडीवर सुई खाचेतून फिरते तेव्हा खर्जाचे स्वर भरदार लागतात, पण खाच मधल्या बाजूला आवळत जाते तसे शेवटच्या गाण्यातले 'स' फुसफुसतात. कॅसेटवर सगळ्यावर एक बारीक सरसर असते आणि स्वर किंचित डुलतात. सीडी म्हणजे नुसते आकडे, तिच्यावर दोन गाण्यांमधली शांतता ठार शांत. एमपीथ्रीचा हिशेब वेगळाच. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, हे तिच्याच धंद्यातलं ज्ञान; एमपीथ्री ते बारीक आवाज सरळ टाकून देते. तिसऱ्या गाण्यात सिंथेसायझरवाल्याचं स्टूल एकदा करकरतं. तबकडीवर आणि सीडीवर ते आहे, एमपीथ्रीवर नाही. इतकं तिला पाठ होतं.

आणि इतकं सगळं वजा करून तिच्या कॅसेटवर एकच गोष्ट उरायची. ए बाजूला तिसरं गाणं संपून चौथं सुरू व्हायच्या आधी, सरसरीच्याही मागे, खर्र… खर्र… खर्र… असा, ताल धरल्यासारखा काहीतरी आवाज. तबकडीवर तो नव्हता. मुकादमांच्या घरातला असेल म्हणावं तर तिने स्वतः सगळ्यांना गप्प बसवलं होतं. तो पप्पांचा श्वास आहे, असं तिने ठरवून टाकलं. वाढदिवसाला ती तेवढाच तुकडा ऐकायची. कुणाला सांगितलं नाही.

या वर्षी श्रावणात हर्षद मोबाइल नाचवत घरी आला.

"ताई, वाचलंस? तुझ्या लीनाबाईंची मूळ टेप बुरशीने खाल्ली. पुण्यात कुठलीशी 'स्वरसंचय' म्हणून संस्था आहे. ते लोकांच्या घरातल्या प्रती गोळा करतायत. तबकड्या, कॅसेटी, सगळ्या. हजार प्रतींतून एक स्वच्छ अल्बम परत उभा करणार."

"मग?"

"मग काय मग! पुढे वाच. गाणी काढून घेतल्यावर प्रत्येकाच्या प्रतीवर जे शिल्लक राहील ते ज्याचं त्याला परत देणार म्हणे. शिल्लक, ताई! खालचं!"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत शेंगा सोलत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन्ही कानांत हेमांगीनेच बसवून दिलेली यंत्रं. तिचे हात थांबले.

"जुनं झालं ते," आई म्हणाली. "बावन्न वर्षांनी काय राहतंय त्यात."

"बघू तरी, आई," हर्षद म्हणाला. "एक वाक्य निघालं तरी मला पुष्कळ झालं."

आई उठून आत गेली. शेंगा तशाच राहिल्या.

हेमांगीने अर्ज भरून कॅसेट पुण्याला पाठवली आणि भाद्रपदात तिकडून फोन आला. डॉक्टर हेरवाडे नावाच्या बाई, स्वरसंचयच्या प्रमुख. "तुमच्या कॅसेटवर गाण्यांखाली माणसं बोलतायत," त्या सरळ म्हणाल्या. "असं असलं की आम्ही फाइल तशीच पाठवत नाही. आधी मालकाने येऊन ऐकावं, एकट्याने, असा आमचा नियम आहे. येता?"

हेमांगी हो म्हणाली. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने ती पुण्याला गेली.

डॉक्टर हेरवाडे पन्नाशीच्या होत्या, बोलायला तुटक, पण चहा स्वतः ओतून देणाऱ्या. त्यांनी आधी समजावून सांगितलं. गाणं सगळ्या प्रतींत सारखं असतं, खरखर मात्र ज्याची त्याची वेगळी. हजार प्रती एकावर एक रचल्या की सारखं असेल ते पक्कं होत जातं आणि वेगळं असेल ते विरून जातं. असा शुद्ध अल्बम हाती आला की तो प्रत्येकाच्या प्रतीतून वजा करायचा.

"हे मी चौदाव्या वर्षापासून करतेय," हेमांगी म्हणाली.

बाईंना ती गंमत वाटली. त्या पुढे सांगू लागल्या. "कॅसेट म्हणजे फितीवर लोखंडाच्या भुकटीचा थर. आमच्याकडे एक स्फटिक आहे, फितीवर ठेवला की खालचं चुंबकत्व उजेड-अंधारासारखं दिसतं. आता गंमत अशी की घरगुती टेपरेकॉर्डर जुनं कधी पुरतं पुसत नसत. पुसायला आत नुसता चुंबकाचा तुकडा असायचा. वरवर पुसायचा, खोल थोडं राहायचं. आणि दोन वेगळ्या यंत्रांची हेडं कधी एका ओळीत नसतात. एकाने भरलेलं दुसऱ्याने पुसलं तर कडेला केसाएवढी पट्टी तशीच राहते. तुमच्या फितीच्या कडेला अशी पट्टी आहे, परक्या यंत्राची."

"मस्कतचं यंत्र," हेमांगी म्हणाली. "माझे वडील."

"असतील. पण एक विचारायचं होतं. तुम्ही अर्जात लिहिलंय, वडिलांच्या आवाजावर तुम्ही गाणी भरली."

"हो. मीच."

"तसं नाही दिसत. वडिलांचा आवाज आणि गाणी यांच्या मध्ये अजून एक थर आहे. ज्या यंत्राने गाणी भरली त्याच यंत्राचा. तुम्ही गाणी भरायच्या आधीच कुणीतरी ही कॅसेट पुसली होती, बाई. दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

हेमांगीला ते कळायलाच वेळ लागला. बाईंनी हेडफोन तिच्या हाती दिले, पडद्यावर काय दाबायचं ते दाखवलं आणि दार लोटून घेऊन त्या बाहेर गेल्या.

तिने आधी मधला थर लावला. ए बाजू.

कुणी बोलत नव्हतं. नुसतं घर होतं. गुहागरचं स्वयंपाकघर. लांब कुठेतरी कोंबडी, रहाटाचा आवाज. आणि अगदी जवळ, टेपरेकॉर्डरच्या शेजारीच बसून केल्यासारखं, खर्र… खर्र… खर्र…

आई नारळ खवत होती.

वाढदिवसाला डोळे मिटून ऐकलेला पप्पांचा श्वास हा! हेमांगीला हसू आलं आणि त्या हसण्याचं लगेच रडू झालं. खवणीचा आवाज मध्येच थांबायचा. नाक ओढल्याचा आवाज यायचा. पुन्हा खर्र… खर्र… आई रेकॉर्डिंगचं बटण दाबून बसली होती. समोर फीत फिरत होती, नवरा पुसला जात होता आणि ही नारळ खवत होती.

मग दार वाजलं. दप्तर आपटलं. आणि हेमांगीने स्वतःचा आवाज ऐकला, अकरा वर्षांचा, चिरका.

"आई! पप्पांची कॅसेट आली? मुकादमकाकी म्हणाल्या! लाव ना!"

"बिघडलीय ती. रीळ अडकलंय."

"मग हा टेप कशाला लावलायस?"

"बघत होते चालतोय का. हातपाय धू जा."

आणि टक् करून बटण बंद झाल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा खर्र… खर्र…

हेमांगीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बावन्न वर्षं! एवढी वर्षं ती भावाची नजर चुकवत आली, आणि आई त्याच खोलीत बसून शेंगा सोलत होती. "पुसलीस?" म्हणून विचारलंन! विचारू कशी शकली? तिला भयंकर राग आला. आत्ता हर्षदला फोन लावते, म्हणाली. सगळं ऐकवते.

पण मोबाइल हातात घेतला आणि थांबली. बी बाजू राहिली होती. आईची बाजू. या वयातही तिला वाटलं की ही आपण ऐकायची नाही. मग तिने हेडफोन चढवले.

वडिलांचा आवाज बारीक पट्टीतून यायचा तसा चेंगरून येत होता, मधली मधली वाक्यं गळलेली. पण होता त्यांचाच. जाडसर. मध्येच खोकला.

"सुलू… हे तुला एकटीलाच… मी आता परत यायचा नाही. इकडे माझं घर झालंय… तिला दिवस गेलेत… तुझा काही दोष नाही, तू बाई चांगलीच… पोरांना काय सांगायचं ते तू ठरव. मेलो म्हण हवं तर."

हेमांगीने हेडफोन काढले. बोट बुडाली नव्हती. आईने त्यांचं शेवटचं सांगणं शब्दशः पाळलं होतं. कुंकू पुसलं, गाव सोडलं, जिवंत माणसाच्या नावाने मुलाला पान वाढू दिलं आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. आणि पोरगी गाणी भरून आयतीच समोर आली, तेव्हा ते तिच्यावर जाऊ दिलं. बापाने टाकलं यापेक्षा बहिणीने पुसलं हे पोरांना सोसेल, असा तिने हिशेब केला असेल. किंवा काहीच हिशेब केला नसेल, बत्तीस वर्षांची बाई ती, तोंडातून एक शब्द निघून गेला असेल आणि मग तो परत घेता आला नसेल.

मोबाइल वाजला. हर्षद.

"ताई, निघालं का गं काही?" साठ वर्षांचा माणूस, आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा. "मी आईकडेच येऊन बसलोय. शुक्रवारी अमावास्या आहे, म्हटलं यंदा पानासमोर पप्पांचाच आवाज लावू. एवढं तेवढं, काहीही चालेल."

"हर्षद," ती म्हणाली. "हर्षद, ऐक—"

पलीकडून आईचा आवाज आला, लांबून. "तिला विचार, जेवली का. उपाशी असेल ती."

हेमांगीने डोळे मिटले. खरं सांगितलं तर आपण सुटू. त्याच वाक्यात याचा बाप मरायचा थांबेल आणि याला टाकून जाईल. आणि ही चौऱ्याऐंशीची म्हातारी त्याच्यासमोर खुर्चीत बसलेली असेल.

"निघालंय," ती म्हणाली. "थोडं निघालंय. आणते मी."

डॉक्टर हेरवाडे आत आल्या तेव्हा ए बाजूचा वडिलांचा थरही ऐकून झाला होता आणि तिचं तोंड धुऊन झालं होतं. तिने विचारलं, ए बाजूचा वडिलांचा तेवढा आवाज वेगळा काढून मिळेल का? मिळेल, बाई म्हणाल्या. मग मधला थर नको, ती म्हणाली. बी बाजू नको. तुमच्याकडेही राहायला नको.

"फाइल तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं," बाई म्हणाल्या. "पण कॅसेट तर घरी न्याल. उद्या दुसरं कुणी ती वाचेल."

हेमांगीने खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात टेपा कोऱ्या करायचं यंत्र होतं, चौकोनी, जड; तिच्या सेंटरच्या सामानातही एकेकाळी असं एक असायचं. "ते चालू आहे?"

"पूर्ण साफ करतं. आमच्या स्फटिकालाही मग काही दिसत नाही. गाणीही जातील."

"जाऊ देत."

"इथे येऊन पुसायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच," डॉक्टर म्हणाल्या.

"मी कसली पहिली," हेमांगी म्हणाली. तिने कॅसेट यंत्रावर ठेवली, स्वतःच्या हाताने खटका ओढला आणि एकदा फिरवून दोन्ही बाजूंनी धरली. ज्याचा ठपका बावन्न वर्षं वागवला ते काम तिने त्या दुपारी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात, आईच्या खोलीत, हर्षदने फाइल लावली. एक मिनिट नऊ सेकंद. आई खुर्चीत. कानात यंत्रं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेमांगी तिच्या शेजारी बसली आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"…हेमा, पावकी पाठ झाली का?… हर्षद, सायकलवरून पडलास म्हणे. मर्दासारखा रडला नाहीस ना?…" खोकला, हसणं. "…आईला त्रास देऊ नका. ताईचं ऐकत जा…"

संपलं. हर्षदने पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्यांदा लावताना तो ओक्साबोक्शी रडत होता. हेमांगीने त्याला बावन्न वर्षांत असं रडताना पाहिलं नव्हतं. तिलाही रडू आवरेना. हे एवढं तरी दिलं याला, असं तिला वाटत होतं.

मग त्याने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं.

"किती नीट बोलत होते गं," तो म्हणाला. "तासभर असं बोलले असतील. आणि तू यावर गाणी भरलीस."

आईचा गुडघा तिच्या हाताखाली हलला. "हर्षद," आई म्हणाली, "तिने नाही—"

"मीच भरली," हेमांगी मोठ्याने म्हणाली. "मीच पुसली, हर्षद. चुकलं माझं. लहान होते."

हर्षदने मोबाइल खिशात घातला. मग उठला. "शुक्रवारी ये," म्हणाला. या वेळी हसला नाही. चपला घालून निघून गेला.

खोलीत दोघीच राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत होता. आईने आधी उजव्या कानातलं यंत्र काढलं, मग डाव्या, आणि दोन्ही हेमांगीच्या तळहातावर ठेवली. ती काढली की आईला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही, हे हेमांगीइतकं कुणाला माहीत असणार? तपासण्या तिनेच केल्या होत्या.

"दुसऱ्या बाजूला काय निघालं?" आईने विचारलं. उत्तर ऐकायची सोय मात्र तिने आधीच काढून ठेवली होती.

हेमांगीने मान हलवली. काही नाही.

आई खिडकीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "त्या दिवशी मी नारळ खवत होते गो, हेमा. दोन नारळ खवले. रांधायचं काहीच नव्हतं."

हेमांगीच्या तळहातावरची यंत्रं ओली झाली. ती आईच्या तोंडासमोरून जरा बाजूला झाली, ओठ दिसणार नाहीत अशी, आणि म्हणाली, "माहीत आहे मला, आई. मी ऐकलं सगळं. मी तुझ्यावर रागावलेय, आणि हर्षदला कधीच सांगणार नाही."

आईने वळून पाहिलं. "काय म्हणालीस?"

हेमांगीने यंत्रं पदराला पुसली आणि एक-एक करून आईच्या कानात परत बसवली.

"काही नाही," ती म्हणाली. "जेवायला चल म्हटलं."